लंकेचा पहिला मालक

फोनवरून फिरत आलेला एक मजकूर. वर शीर्षक ‘मुंबईची लावणी’. खाली पठ्ठे बापूरावांच्या दोन ओळी, त्यांना चिकटून अण्णाभाऊ साठ्यांच्या काही ओळी, मध्ये ना रेघ ना मोकळी जागा, आणि तळाशी नाव एकाचंच. दोघांच्याही लावणीचं नाव तेच असल्यामुळे अशी गफलत होणारच, ती दुरुस्त करायला अर्धा मिनिट पुरतो. टोचत राहिली ती वेगळीच गोष्ट. ‘मुंबई नगरी बडी बाका, जशी रावणाची दुसरी लंका’ याच्यापुढे लगेच ‘मुंबईत उंचावरी, मलबार हिल इंद्रपुरी, कुबेराची वस्ती तिथं सुख भोगती’ असं वाचलं तरी जीभ अडखळत नाही. दोन माणसं, वयात 54 वर्षांचं अंतर, एक तमाशाच्या फडाचा राजा आणि एक लाल बावट्याचा शाहीर. तरी शिवण दिसत नाही. कॉपी-पेस्ट करणाऱ्याच्या हातून चूक झाली खरी, पण ती इतकी बेमालूम बसली कशी?

आधी लंकेकडे बघू. मराठीत हा शब्द दोन्ही बाजूंनी धार असलेला आहे. ‘लंकेत सोन्याच्या विटा’ म्हणायचं आणि हात हलवत परत यायचं. अंगावर फुटका मणी नसलेल्या बाईला म्हणायचं ‘लंकेची पार्वती’. म्हणजे श्रीमंती आणि कफल्लकपणा, दोन्ही एकाच बेटावर भाषेनं आधीच वसवून ठेवले आहेत. बापूरावांनी मुंबईला लंका म्हटलं तेव्हा ती वाहवा होती की इशारा, याचा निकाल लावायची गरज नाही, कारण ओळीतच तो लावलेला नाही. ‘बडी बाका’ बघा. कुठे ‘बाका’ छापलेलं असतं, कुठे ‘बांका’. बांका म्हणजे ऐटबाज, छेलछबिला. आणि बाका म्हटलं की मराठी माणसाला पहिल्यांदा ‘बाका प्रसंग’ आठवतो. एका टिंबाच्या असण्या-नसण्यानं शहर देखणं होतं किंवा अवघड होतं. शिवाय नगरी स्त्रीलिंगी, तेव्हा नियमानं ‘बाकी’ किंवा ‘बांकी’ हवं होतं. पण पुढे लंका यायची आहे, म्हणून व्याकरणाला बाजूला बसवलं आहे. लंका अर्थासाठी आली की यमकासाठी, हा प्रश्न लावणीला विचारणाऱ्यानं लावणी ऐकलेली नसते. दोन्हीसाठी आली.

आता कुबेर. रामायणाच्या उत्तरकांडाप्रमाणे लंका मुळात रावणाची नव्हेच. तिथं राहत होता कुबेर, रावणाचा सावत्र थोरला भाऊ. रावणानं त्याला हुसकलं, पुष्पक विमानही काढून घेतलं, आणि कुबेर उत्तरेला कैलासाकडे गेला, अलकानगरीत. बापूरावांनी मुंबईला रावणाची लंका केलं. त्यानंतर आलेल्या अण्णाभाऊंच्या लावणीत पहिल्याच कडव्यात मलबार हिलवर कुबेर बसलेला आहे. लंकेचा पहिला मालक परत आलेला! आणि कुठे राहतो, तर इंद्रपुरीत. पुराणातल्या पत्त्याप्रमाणे इंद्राची नगरी अमरावती, कुबेराची अलका. म्हणजे हा इथला भाडेकरूच ठरतो. अर्थात मलबार हिलवर तेवढं चालून जातं.

इथे आपल्यासारख्या वाचकाचा पाय घसरतो. नातं सापडलं की लगेच म्हणावंसं वाटतं, ‘अण्णाभाऊंनी बापूरावांना टोला हाणला.’ तसं म्हणायला कवीचा कागद हवा, पत्र हवं, मुलाखत हवी. ते हातात नसेल तर एवढंच म्हणावं, की कडवं हे वाचन पेलतं. पेलतं का, हे तपासायची साधी युक्ती आहे: शब्द काढा, तितक्याच अक्षरांचा दुसरा घाला. ‘कुबेराची वस्ती’च्या जागी ‘श्रीमंतांची वस्ती’ घालून म्हणून पाहा. चार अक्षरं गेली, चार आली. चाल मोडत नाही, अर्थही साधारण तोच. मग गेलं काय? इंद्रपुरीला सोबत गेली, आणि मागच्या लावणीतल्या लंकेशी असलेला धागा तटकन तुटला. जिथे असा धागा तुटतो तिथे संदर्भ आहे असं धरून चालावं. जिथे शब्द बदलूनही काहीच हरवत नाही तिथे फक्त योगायोग आहे, आणि शहरावरच्या कवितांत योगायोग ढिगानं मिळतात. समुद्र, गर्दी, लोकल, धूर हे कोणाकडून उसने घ्यावे लागत नाहीत. खिडकी उघडली की दिसतात.

समीक्षेत या प्रकाराला आंतरसंहितात्मकता म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण उच्चारताना धाप लागते. फडावर याच्यापेक्षा जुनी सोय आहे: सवाल-जवाब. कलगी आणि तुरा हे शाहिरांचे दोन पक्ष; कलगीवाल्यानं कोडं घालायचं, तुऱ्यावाल्यानं ते सोडवायचं, आणि सवालाची चाल, त्याचं यमक, त्याचे देवदेव उचलूनच जवाब द्यायचा. नुसतं उत्तर बरोबर असून भागत नाही, ते त्याच घाटात बसलं पाहिजे. बापूरावांचं गाव रेठरे हरणाक्ष आणि अण्णाभाऊंचं वाटेगाव, दोन्ही वाळवा तालुक्यातली. कुळकर्ण्याच्या घरातला मुलगा वतन आणि जात ओलांडून तमाशात गेला, आणि मांगवाड्यातला मुलगा तमाशा घेऊन कामगारांच्या सभेत गेला. एकाच मातीतली ही दोन माणसं त्याच शहरावर त्याच नावाची लावणी करतात तेव्हा तिच्यात जवाबाचा वास येणारच.

कडव्याची बांधणी जवळून पाहिली तर जवाब कुठे दडलाय ते कळतं. दोन आखूड तुकडे, त्यांचं आपापसात यमक. मग एक लांब तुकडा, त्याचं यमक पुढच्या लांब तुकड्यासाठी राखून ठेवलेलं. उंचावरी, इंद्रपुरी. मग ‘परळात राहणारे, रातदिवस राबणारे’. म्हणजे मलबार हिलचं यमक मलबार हिलशी आणि परळचं परळशी. आखूड तुकड्यांत दोन्ही वस्त्या एकमेकींना भेटत नाहीत. भेटतात त्या लांब ओळींच्या टोकाला: वर ‘सुख भोगती’, खाली ‘घाम गाळती’. भोगती आणि गाळती. एकाचं भोगणं दुसऱ्याच्या गाळण्याशी यमकानं बांधलेलं. हे गद्यात सांगायचं तर भांडवल, श्रम, वरकड मूल्य असं सगळं आणावं लागलं असतं. इथे एका ‘ती’नं काम भागवलं. शिवाय पहिला शब्द ‘मुंबईत’ आणि लगेच ‘उंचावरी’: आधी मान वर करायला लावली, मग पुढच्या तुकड्यात खाली आणली. आज हेच कडवं परळात उभं राहून म्हटलं तर एक गंमत होते. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे, आजूबाजूला टॉवर आहेत, आणि ‘उंचावरी’ म्हणताना मान मलबार हिलकडे न वळता जागच्या जागी वर जाते. कवितेतला एक शब्द न बदलता शहरानं तिचा नकाशा हलवला.

अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कडही, म्हणजे लावणीचाच एक प्रकार, अशीच दुसऱ्याच्या घराची किल्ली घेऊन आलेली आहे. लावणीत विरह करायचा तो बाईनं. सखा परगावी, ती झुरते, हा ठरलेला साचा. अण्णाभाऊंनी तो उलटा केला. गावी राहिली ती मैना, आणि मुंबईच्या गर्दीत काहिली होतेय ती पुरुषाची. मग त्याच काहिलीवर बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावं चढवली. तुटलेली जोडी आणि तुटलेलं राज्य एका विरहात. शृंगाराची चाल कानात मुरलेली नसेल त्याला यात नुसता प्रचार दिसतो. चाल मुरलेली असेल त्याला आधी हुरहुर लागते आणि राजकारण मागून कळतं.

हुरहुर उसनी आहे, म्हणूनच ती इतक्या लवकर लागते.

लावणीची ही गोष्ट झाली. मुंबईच्या कवितेत दुसरा एक घाट सतत फिरत असतो, तो अभंगाचा. मर्ढेकरांचं हे कडवं पाठ नसलेला मराठी वाचक विरळा: ‘सकाळी उठोनी । चहा-कॉफी घ्यावी । तशीच गाठावी । वीज-गाडी’. मोजून बघू. स-का-ळी-उ-ठो-नी, सहा. च-हा-कॉ-फी-घ्या-वी, सहा. त-शी-च-गा-ठा-वी, सहा. वी-ज-गा-डी, चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक, चौथा मोकळा. हा झाला मोठा अभंग, तुकोबांनी हजारो वेळा वापरलेला. मोजताना सर्रास होणारी चूक अशी, की उच्चार ऐकून मोजतात. ‘वीज’ बोलताना एकाच झटक्यात संपतं, मग ‘वीज-गाडी’ तीनच भरते आणि माणूस म्हणतो, छंद चुकला. अक्षरछंदात ‘ज’ पाय मोडका ऐकू आला तरी पूर्ण अक्षर धरायचा. जोडाक्षराचं एकच, ‘ब्रह्म’ची दोनच. अभंग लिहून न मोजता टाळीवर म्हणून पाहिला तर चूक होतच नाही, कारण टाळ तुम्हाला ‘वीऽजऽ’ म्हणायला लावते.

उपदेशाचा सूरही ओळखीचा आहे. दासबोधाच्या अकराव्या दशकात समर्थ दिवसभराचं वेळापत्रक घालून देतात: ‘प्रातःकाळी उठावे । काही पाठांतर करावे । येथानशक्ती आठवावे । सर्वोत्तमासी’. उठावे, करावे, आठवावे, घ्यावी, गाठावी. क्रियापदांचा ‘वे’कार तोच, पाठांतराच्या जागी चहा-कॉफी आली. खरी करामत मात्र चौथ्या चरणात आहे. ओवी असो वा अभंग, शेवटचा चरण आखूड, आणि श्वास तिथे टेकतो. तुकोबांकडे तिथे ‘ठेवोनिया’ म्हणत विठ्ठलाचे हात कटीवर स्थिरावतात. समर्थांकडे तिथे सर्वोत्तम बसलेला आहे. मर्ढेकरांनी त्या गाभाऱ्यात विजेवर चालणारी लोकल आणून उभी केली. देवाची जागा रिकामी झाली म्हणून ते रडत नाहीत, तिथे आता काय आहे तेवढं सांगतात: धावत पकडायची एक गाडी.

इथे आणखी एक सापळा आहे, आणि त्यात भले भले सापडतात. जुन्या आवृत्तीत ‘सकाळीं’वर अनुस्वार दिसतो, आणि आजच्या वाचकाला वाटतं, हाच तो संतांचा आवाज. तसं नाही. मर्ढेकर लिहीत होते तेव्हा असा अनुस्वार जो तो देत होता, वर्तमानपत्रंसुद्धा. तो गेला 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी. जुनेपण आहे ते ‘उठोनी’मध्ये. मर्ढेकरांच्या काळातही कोणी कारकून ‘उठोनी’ म्हणत ऑफिसला गेलेला नव्हता, तो ‘उठून’च जात होता. तेव्हा नक्कल कुठे आहे हे शोधताना लिपीवर न जाता प्रत्ययांवर जावं: ओनी, ओनिया, सी, चिया. आणि प्रत्येक प्रत्यय कवीच्या काळात जिवंत होता की मेलेला, हे आधी बघावं. मेलेला असेल तर तो कोणीतरी मुद्दाम उकरून आणलेला असतो.

‘चिया’ तर नारायण सुर्व्यांनी असा आणला आहे की वाचताना हसू आणि हुंदका एकदम येतो. 1962 चा त्यांचा पहिला संग्रह, ‘ऐसा गा मी ब्रह्म’. त्यातल्या या ओळी: ‘ऐसा गा मी ब्रह्म । विश्वाचा आधार । खोलीस लाचार । हक्काचिया’. पुन्हा सहा, सहा, सहा, चार. पहिल्या दोन चरणांत उपनिषदांपासून चालत आलेला ‘मी ब्रह्म’ छाती काढून उभा, तिसऱ्यात त्याचे खांदे पडलेले. ‘आधार’ला यमक ‘लाचार’. आणि चौथा चरण? ‘हक्क’ हा अरबीतून कचेरीच्या वाटेनं मराठीत आलेला शब्द, आणि त्याला जोडलाय ‘चिया’, ज्ञानेश्वरीतला षष्ठीचा प्रत्यय. भाडेपावतीवरच्या शब्दाला ज्ञानोबांचं शेपूट! कानाला तर ‘ठेवोनिया’ आणि ‘हक्काचिया’ अगदी एकाच जागी टेकल्यासारखे वाटतात. विठोबाला उभं राहायला एक वीट पुरली. गिरणगावातल्या ब्रह्माला दहा बाय दहाची खोली मिळेना. सुर्व्यांना ‘सुंदर ते ध्यान’च आठवत होतं असं मी म्हणत नाही. पण ज्या कानांनी हा अभंग ऐकायचा आहे त्या कानांत ते ध्यान आधीपासून उभंच आहे, आणि हे कवीला ठाऊक असतं.

छंद सोडून दिलेल्या कवितेत तर शोध आणखी अवघड. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ 1972 चा. तिथे मोजायला अक्षरं नाहीत. मुंबईला ‘माझ्या प्रिय रांडे’ अशी हाक मारणारी त्यांची ओळ पहिल्यांदा वाचताना धक्का बसतो, आणि धक्का बसला की आपण मागे बघायचं विसरतो. मागे कोण उभं आहे? अंगणात उभी राहून देवाला शिव्या घालणारी दासी जनी. ‘अरे विठ्या अरे विठ्या । मूळ मायेच्या कारट्या’, आणि पुढे ‘तुझी रांड रंडकी झाली’. शिवी तीच, आणि शिवीच्या पोटातली सलगीही तीच. ज्याच्याशी भांडायचा हक्क आहे त्यालाच असं बोलता येतं. परक्याला माणूस ‘अहो’ म्हणतो. फरक एवढाच, की जनीनं जिला देवाची बायको म्हणून शिवी दिली ती बाजूला आहे, आणि ढसाळांकडे समोर उभं शहरच ती बाई आहे. ‘प्रिय’ हा पत्राच्या मायन्यातला शब्द शिवीच्या आधी लावला की ती शिवी पोस्टानं घरपोच होते. ढसाळांना रस्त्यानं भाषा दिली असं म्हणण्याची पद्धत आहे. ते अर्धं खरं. तसंच म्हणत राहिलो तर त्यांच्या वाचनाचं, कानाचं, संतांशी असलेल्या भांडकुदळ नात्याचं श्रेय आपण फुटपाथला देऊन मोकळे होतो.

अरुण कोलटकरांकडे हा खेळ वंशावळीच्या रूपात येतो. ‘काळा घोडा पोएम्स’ 2004 चं, इंग्रजीतलं. पण मराठी वाचकाला ते परकं वाटत नाही. जागाच अशी निवडलेली की तिच्या नावातला घोडा जागेवर नाही. सातव्या एडवर्डचा तो पुतळा 1965 साली हलवला, आता तो राणीच्या बागेत आहे. बिनस्वाराचा नवा घोडा बसला 2017 ला. मधली बावन्न वर्षं लोक बसकंडक्टरला, टॅक्सीवाल्याला ‘काळा घोडा’ सांगत होते आणि बरोबर जागी उतरत होते. मूळ गेलं, संदर्भ चालू. त्याच चौकात सकाळी एक गावठी कुत्रं आळस देत पडलेलं आहे, आणि त्याच्या अंगावरचे काळे ठिपके म्हणजे सतराव्या शतकातला सात बेटांचा नकाशा. आईकडून ते म्हणे मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं 1864 ला कोल्ह्यांच्या शिकारीसाठी आणवलेल्या विलायती कुत्र्यांच्या वंशातलं. बापाकडून थेट महाभारत: युधिष्ठिरामागून शेवटपर्यंत चालत गेलेला तो कुत्रा.

आता महाप्रस्थानाची गोष्ट नीट आठवा. स्वर्गाच्या दाराशी रथ घेऊन कोण आलं होतं? इंद्र. ‘चल,’ म्हणाला, ‘पण कुत्र्याला घेता येणार नाही.’ म्हणजे इंद्रपुरीत ज्याला प्रवेश नाकारला त्याचा हा वंशज, आणि झोपलाय कुठे, तर मुंबईच्या एका ट्रॅफिक आयलंडवर. अण्णाभाऊंची इंद्रपुरी तिथून काही फार लांब नाही. दोन कवितांमध्ये पंचवीस पैशांचाही व्यवहार झालेला नसावा. भाषा वेगळी, वर्ग वेगळा, वाचक वेगळे. तरी एक वरच्यांची वस्ती दाखवते आणि दुसरी त्या वस्तीच्या दारातून परतवलेलं जनावर. ही जोड कवींनी दिलेली नाही, वाचणाऱ्यानं दिली आहे. ती तशीच सांगावी. ‘कोलटकर अण्णाभाऊंना उत्तर देतात’ असं वाक्य शोधनिबंधात फार शोभून दिसेल, पण ते खोटं असेल.

त्या फिरत्या मजकुराचं मग काय करायचं? नावं दुरुस्त करावीतच. अण्णाभाऊंची ओळ दुसऱ्याच्या नावावर खपणं बरं नाही, आणि बापूरावांनाही ते आवडलं नसतं. पण दुरुस्त करताना ओळी दोन पानांवर फेकू नयेत. एकाखाली एकच ठेवाव्यात, मध्ये एक रेघ मारावी, आणि सवाल नि जवाब म्हणून वाचाव्यात.

लंका म्हटलं की ऐकणारा मनातल्या मनात शेपटीची वाट बघतो, आग कधी लागते म्हणून. बापूरावांची उपमा वैभवापाशीच थांबते, हनुमान तिच्यात येत नाही. तो आला 14 एप्रिल 1944 ला, दुपारी चारनंतर, व्हिक्टोरिया गोदीत. ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीत खाली दारूगोळा होता, कापसाच्या गासड्या होत्या आणि पेट्यांत सोनं होतं. कापूस पेटला, बोट फुटली, गोदी आणि आसपासच्या वस्त्या जळाल्या, शेकडो माणसं गेली, आणि सोन्याच्या विटा हवेत उडून लांब लांब जाऊन पडल्या. पठ्ठे बापूराव तेव्हा हयात होते. ते गेले पुढच्या वर्षी. गोदीतला गाळ उपसताना त्यातल्या काही विटा पुढे कित्येक वर्षांनीही हाताला लागत राहिल्या.